बॉन्डिंग रूममधल्या बायका

विमानं बनवणाऱ्या कंपनीत मी आयुष्यभर नोकरी केली असं सांगितलं, की आमच्या नार्व्यातले लोक आधी माझ्याकडे बघतात, मग आभाळाकडे बघतात आणि मग विचारतात, "आख्खं विमान? हय, दिवचलेत?" पेडण्यात मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर विचारूच नका. माझे चुलत दीर एकदा भर पंगतीत म्हणाले, "वयनी, तुमच्या कंपनीचा विमान मोप्याक उतारता मां, माका मुंबयचा एक तिकीट करून द्या." मी म्हटलं, "तिकीट नाही भावोजी, पण तुम्ही बसाल त्या विमानाच्या पंखाखाली ताटाएवढं एक झाकण असेल. ते कदाचित मी पास केलेलं असेल." ते नाराज झाले. झाकणावर बसून मुंबईला जाता येत नाही.

खरं सांगायचं तर आख्खं विमान जगात कुणीच एकटा बनवत नाही. पोट एका देशात तयार होतं, पंख दुसऱ्या, इंजिन तिसऱ्या, आणि शेवटी एका मोठ्या शेडमध्ये हे सगळं जोडलं जातं. आमची कंपनी यातल्या बऱ्याच ठिकाणी हात घालून बसलेली आहे. प्रवासी विमानांचे दरवाजे, जमिनीचे तक्ते आणि पंखांची झाकणं हा तिचा एक धंदा. हेलिकॉप्टरचे भाग बनवणं आणि जुन्या हेलिकॉप्टरची दुरुस्ती करणं हा दुसरा. लढाऊ विमानाच्या नाकावर जी टोपी असते, जिच्या आत रडार लपलेलं असतं, ती संरक्षण खात्यासाठी बनते. अवकाशात जाणाऱ्या उपग्रहांच्या भिंतीही आमच्याकडे होतात. वेगवेगळ्या राज्यांत कारखाने, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि मुख्य कचेरी अशा शहरात की तिथल्या माणसांना दिवचल म्हणजे डिचोली हे दोनदा समजावून सांगावं लागतं.

आमच्या दिवचलच्या कारखान्यात लोखंड जवळजवळ नाहीच. आमचं काम कापडाचं. कार्बनच्या धाग्यांचं काळंभोर कापड, त्यात रेझिन, म्हणजे तापून घट्ट होणारी राळ, मुरवलेली. ते फ्रीजरमध्ये ठेवायचं, बाहेर काढून साच्यावर एकावर एक थर बसवायचे, वरून प्लास्टिकची पिशवी लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा प्रेशर कुकर. त्यातून निघालेला तुकडा हाताला सुपासारखा हलका लागतो आणि ताकदीला पोलादाला ऐकत नाही.

असे दोन तुकडे एकमेकांना जोडायचे तर खिळा मारून चालत नाही. चिकटवावे लागतात. त्या कामाची वेगळी खोली असते, तिला आम्ही बॉन्डिंग रूम म्हणायचो. तिथे धूळ नाही, घाम नाही, हवा गाळून आत सोडलेली, पांढरे कोट, टोप्या, हातमोजे. चिकटवायच्या आधी पृष्ठभाग स्वच्छ आहे की नाही हे बघायची परीक्षा मात्र फार साधी आहे. त्यावर शुद्ध पाणी ओतायचं. पाणी चादरीसारखं पसरून राहिलं तर स्वच्छ. अळवाच्या पानावर होतात तसे पाण्याचे गोळे झाले, तर समजायचं की डोळ्यांना न दिसणारं काहीतरी तिथे बसलंय.

मी डिप्लोमा करून क्वालिटीत लागले आणि क्वालिटीतच निवृत्त झाले. माझं काम सांगायला सोपं, करायला कठीण. दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेल्या वस्तूला हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलेली वस्तू आम्ही मशीनने मधोमध कापून टाकतो, कारण न कापलेली नापास वस्तू कधी ना कधी कुणीतरी वापरतोच. हरमलच्या किनाऱ्यावर शॅक चालवणारा एक गृहस्थ एकदा गेटवर येऊन बसला होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की आमच्याकडे विमानाचे फुकटचे पत्रे मिळतात. छपरावर विमानाचा पत्रा घालायचा आणि खाली पाटी लावायची, असा त्याचा बेत होता. मी त्याला कापलेल्या तुकड्यांचा ढीग दाखवला. तो हळहळला. "बाय, इतक्या बऱ्या वस्तूचा तुमी असा वाटोळा करतात?" म्हणाला. मी म्हटलं, "बरी असती तर कापली नसती." त्याला ते पटलं नाही. पुष्कळांना पटत नाही. आमच्याच कंपनीतल्या लोकांना पटत नाही, तर त्याचं काय घेऊन बसलात.

गिऱ्हाइकांपैकी एक जण मात्र मला जन्मभर आवडले. हवाई दलातून निवृत्त झालेले, एका हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीतर्फे माल ताब्यात घ्यायला यायचे. माल पास होईपर्यंत आमच्याकडचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "बाई, हे दार लावलेल्या हेलिकॉप्टरमध्ये तुम्ही स्वतः बसाल?" मी म्हटलं, "मला उंचीची भीती वाटते. पण माझ्या मुलाला बसवीन." ते हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि सही केली. मग कँटीनमध्ये उंडो-भाजी खाताना म्हणाले, "बसणाऱ्याला तुमचं नाव माहीत नसतं. ते लक्षात ठेवा." मी ठेवलं.

याच हेलिकॉप्टरच्या दारांवरून जे झालं ते मला सांगायचंय.

बॉन्डिंग रूममध्ये त्या वेळी सगळ्या बायकाच होत्या. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. पाळी भागातल्या खाणी बंद झाल्या, खनिजाचे ट्रक दारात उभे राहून गंजायला लागले, आणि ज्या घरांतले पुरुष ट्रकवर होते त्या घरांतल्या बायका आमच्याकडे कामाला आल्या. काही पेडण्याकडून बसने यायच्या. त्यांची हातोटी बघून तेव्हाच्या साहेबांनी एकेक करून त्यांना बॉन्डिंगमध्ये घेतलं. त्या बायकांत प्रमिला सगळ्यांत पुढे. माहेर हरमल, सासर पाळी. अंगाने बारीक, बोलायला तोफ. चिकटवायची फिल्म म्हणजे पापडाच्या लाटीसारखी नाजूक वस्तू, ती ही बाई एका हाताने अशी अंथरायची की खाली हवेचा बुडबुडा सापडायचा नाही. नव्या बायकांना तीच शिकवायची. कंपनीच्या लेखी ती साधी ऑपरेटर होती.

एका उन्हाळ्यात मुख्य कचेरीतले बडे लोक आणि त्यांच्याबरोबर परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघून गेले. रंगरंगोटी झाली, कुंड्या आल्या, कुंड्या गेल्या. त्यानंतर पावसाळा लागला आणि माझ्या टेबलावर दारांची नापास पॅनेलं यायला लागली.

आम्ही पॅनेलं ध्वनिलहरींनी तपासतो. डॉक्टर पोटातलं मूल बघतात तसंच. पडद्यावर सगळं निळं दिसलं तर जोड पक्का. त्या दिवशी निळ्यामध्ये लाल बेट दिसलं. म्हणजे तिथे वरचा थर आणि खालचा थर एकमेकांना लागलेलेच नव्हते. बाहेरून बघाल तर गुळगुळीत, आणि चिकटवण्याआधीच्या पाण्याच्या परीक्षेतही पास, म्हणजे जे काही बसलं ते त्यानंतर बसलं होतं. मी ते नापास केलं. पुढच्या आठवड्यात आणखी दोन आली. मग आणखी. गिऱ्हाइकाकडून फोन सुरू झाले, आणि आमचे कारखाना प्रमुख देशमुख साहेब माझ्या टेबलाकडे यायला लागले.

देशमुख साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, कुणाचा अपमान करायचा नाही, स्वतःच्या मुलीचं शिक्षण कौतुकाने सांगायचा. पण मुख्य कचेरीचा फोन आला की त्यांच्यातला माणूस निघून जायचा आणि फोनच तेवढा उरायचा.

आमच्या प्रयोगशाळेत पाटील नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ होता, कोल्हापूरकडचा. त्याने निखळलेला जोड तपासला आणि धावतच आला. "मॅडम, सिलिकॉन हाय."

सिलिकॉन हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत मोठा शत्रू. एका थेंबाने आख्खी खोली नासते. जिथे ते बसलं तिथे कुठलाही गोंद धरत नाही. वंगणात असतं, पॉलिशमध्ये असतं. आणि केसांना लावायच्या चमकदार द्रवात, हाताच्या क्रीममध्येही असतं.

पाटीलने साहेबांना हे सगळं सांगितलं, आणि साहेबांनी त्यातलं शेवटचं तेवढं पकडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉन्डिंग रूमच्या बाहेरच्या टेबलाशी सुरक्षेवरच्या दोन बायका उभ्या होत्या. आत जाणाऱ्या प्रत्येकीची पिशवी उघडायला सांगितली. मी पोहोचले तेव्हा प्रमिलाची पाळी होती. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "उघडा." सुरक्षेवालीने पिशवी उघडली नाही, उपडी केली. जेवणाचा डबा, पातळाचा एक तुकडा, आबोलीचा गजऱ्यासारखा वळेसर कागदात गुंडाळलेला, आणि खोबरेल तेलाची बाटली टेबलावर पडली. बाटली घरंगळत टेबलाच्या कडेला गेली, ती कुणी उचलली नाही. आजूबाजूला मशीन शॉपमधले पुरुष उभे होते.

देशमुख साहेब म्हणाले, "हे काय आहे?"

"तेल," प्रमिला म्हणाली. "खोबऱ्याचा. घराक जाताना लायतंय. आत टोपी घालतंय."

"आत तेल आणायचं नाही हे माहीत नाही?"

"आत खय आणलंय? पिशवी हय बाहेर रवता. तुमकाच ठावक आसा."

खोबरेल तेलात सिलिकॉन नसतं, हे मी तिथेच सांगितलं. पाटीलनेही सांगितलं. पण एकीच्या पिशवीत क्रीमची ट्यूब मिळाली, दुसरीच्या पिशवीत केसांना लावायची कसलीशी बाटली, आणि साहेबांना हवं होतं ते मिळालं. दुपारपर्यंत नोटीस लागली. कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक अस्वच्छतेमुळे मालाचं नुकसान झालं आहे, सबब बॉन्डिंग विभागातील महिला कर्मचाऱ्यांना पॅकिंग विभागात हलवण्यात येत आहे. खाली सही.

अस्वच्छता. त्या बायकांची घरं मी पाहिली आहेत. शेणाने सारवलेल्या जमिनीवर भात सांडला तर उचलून खावा इतकी स्वच्छ.

बाकीच्या पॅकिंगला गेल्या, कारण घरी पोरं होती. प्रमिलाने आपलं ओळखपत्र गळ्यातून काढलं, टेबलावर ठेवलं, पिशवी भरली आणि गेटकडे चालू लागली. मी तिच्यामागे गेले. "प्रमिला, थांब गो, मी बघतंय."

ती वळली. "बाय, तू बघ. पण मी हय उबी रवान बघूचंय नाय."

बॉन्डिंग रूममध्ये मशीन शॉपमधले पुरुष आणले. हुशार पोरं, मन लावून शिकली. दोन आठवड्यांनी त्यांनी केलेलं पॅनेल माझ्या टेबलावर आलं, आणि पडद्यावर तेच लाल बेट.

मी धावत देशमुख साहेबांकडे गेले. मला वाटलं, आता संपलं. आता तरी बायकांवरचा डाग जाईल. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलंही हल्ली केसांना जेल लावतात, परब मॅडम."

मग त्यांनी एक फाइल पुढे केली. गिऱ्हाइकाला पाठवायचा अहवाल. आम्हाला प्रत्येक चुकीचं मूळ कारण शोधून लिहून द्यावं लागतं, आणि त्यावर क्वालिटीची सही असल्याशिवाय गिऱ्हाईक ते मानत नाही. मूळ कारणाच्या खाली लिहिलं होतं, कर्मचाऱ्यांची वैयक्तिक अस्वच्छता. उपाय, कर्मचारी बदलले, पिशव्यांची तपासणी सुरू केली.

"ही सही आज हवी," साहेब म्हणाले. "गणेश चवथीच्या आधी अहवाल गेला नाही तर हेलिकॉप्टरचं काम दुसऱ्या कारखान्याला जाईल. सगळंच काम. मग त्या तुमच्या बायकांना पॅकिंगही राहणार नाही. विचार करा."

हे खोटं नव्हतं. दुसऱ्या राज्यातल्या आमच्याच कारखान्याला ते काम हवं होतं. मी विचार केला. खरंच केला. फाइल हातात घेऊन त्यांच्या केबिनमध्ये बसून राहिले. बाहेर पॅकिंगच्या बायका खोके चिकटवत होत्या, ते काचेतून दिसत होतं. सही केली असती तर मला कुणीच दोष दिला नसता. सगळ्यांची नोकरी टिकली असती, माझी ठरलेली बढतीही झाली असती.

"साहेब," मी म्हटलं, "मूळ कारण सापडलेलं नाही. ते सापडेपर्यंत पुढचं दारही निखळणार. मी सही करणार नाही."

"मग दुसऱ्याकडून घेईन."

"घ्या. पण गिऱ्हाइकाने मला विचारलं तर मी का केली नाही ते सांगेन."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही मला धमकी देताय?"

"नाही. काय होईल ते सांगते. माझं कामच ते आहे."

त्यांनी फाइल ओढून घेतली. त्या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं, पुढच्या वर्षीही नव्हतं. आज कुणी विचारलं तर सांगते, असंच पुन्हा करीन, आणि या वेळी खुर्चीत इतका वेळ बसणारही नाही.

सही दुसऱ्या कुणीही केली नाही, आणि साहेबांना गिऱ्हाइकाकडून चवथीनंतरची मुदत मागून घ्यावी लागली. ही गोष्ट मला आजही बरी वाटते. आमच्या विभागातल्या प्रत्येकाने काहीतरी कारण सांगितलं. एकाने तर चवथीची सुट्टी आधीच टाकली आणि सगळ्यांच्या आधी गावी निघून गेला.

चवथ म्हणजे आमच्याकडे सगळं बंद. कारखान्याला कुलूप, गेटवर राखण, बस. बॉन्डिंग रूमची गाळलेली हवा मात्र बंद करत नाहीत, नाहीतर आतला दमटपणा वाढतो. ते आठवलं आणि मी पाटीलला गाठलं. म्हटलं, "खोलीत माणूस नसेल, तर माणसाचं क्रीमही नसेल. खरं की नाही?"

त्याच्या लगेच लक्षात आलं. "मॅडम, काचा ठेवूया."

सुट्टीच्या आधी आम्ही दोघांनी स्वच्छ धुतलेल्या काचेच्या पट्ट्या घेतल्या, प्रत्येकीवर पाणी ओतून परीक्षा केली आणि खोलीभर मांडल्या. टेबलांवर, कोपऱ्यांत, हवा येते तिथे, दारापाशी. मग दार लावून त्यावर कागदी सील चिकटवलं आणि राखणदाराला देशमुख साहेबांची सहीही त्यावर घ्यायला लावली. साहेबांनी केली. त्यांना वाटलं असेल, बाई एकदाची गप्प तर बसेल.

चवथ झाली. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली, नेवऱ्या केल्या, आरत्या म्हटल्या, पण माझं लक्ष घरात नव्हतं. घरच्यांनी ते ओळखलं. सासूबाई म्हणाल्या, "देवाक मागून घे काय तां आणि जेव." मी मागून घेतलं. काय मागितलं ते सांगत नाही.

कारखाना उघडला त्या सकाळी सील जसंच्या तसं होतं. साहेब स्वतः उभे होते. पाटीलने एकेक काच उचलून त्यावर पाणी ओतायला सुरुवात केली. आतल्या टेबलांवरच्या काचांवर पाणी थोडं फाटलं. मधल्या काचांवर जास्त. आणि दारापाशी ठेवलेल्या काचेवर पाणी ओतलं तसे त्याचे गोळे होऊन ते टपटप खाली गळून गेलं. काच जणू कोरडीच राहिली.

खोलीत त्या सुट्टीत एक बाई नव्हती, एक बुवा नव्हता, केस नव्हते, तेल नव्हतं.

पाटील खाली बसला आणि सरकत्या दाराच्या रुळावरून त्याने पांढरा कागद फिरवला. कागदावर तेलकट चमक आली. तीच खेळत्या हवेबरोबर खोलीभर पसरत होती. देखभाल विभागाचे फोरमन तिथेच होते. ते सरळपणे म्हणाले, "तो दाराचा स्प्रे. मी मारतंय दर आठवड्याक. दार किरकिरता ना."

"कधीपासून?" मी विचारलं.

फोरमनने देशमुख साहेबांकडे बघितलं. "ते बडे पावणे येवचे होते मां. साहेबांनी सांगलेलां, दाराचो आवाज पावण्यांच्या कानार पडता कामा नये."

कुठला नवीन पदार्थ वापरलात का, असं त्यांना आधी विचारलं होतं, तेव्हा ते नाही म्हणाले होते. त्यांच्या मते नवीन पदार्थ म्हणजे गोंद, रेझिन. दाराचं वंगण कुणाच्या यादीत येणार? ते खोटं बोलले नव्हते. आम्ही विचारलंच चुकीचं.

दार बदललं, रूळ बदलले, हवेच्या गाळण्या बदलल्या, खोली छतापासून धुऊन काढली. साहेबांनी मला बोलावलं. आवाज उतरला होता. "अहवालात आपण वातावरणातील दूषितीकरण असं लिहू. आणि सोमवारपासून बायकांना परत बॉन्डिंगला घ्या. नोटीस मी काढून टाकतो."

"नोटीस सगळ्यांसमोर लागली होती," मी म्हटलं. "पिशवी सगळ्यांसमोर उपडी केली होती. परत घेणं गुपचूप कसं?"

"परब मॅडम, ताणू नका."

पण ताणणारी मी एकटी नव्हते. पॅकिंगच्या बायकांना सांगितलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, आधी प्रमिलाला आणा.

मी स्कूटर काढली आणि हरमलला गेले. किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, भाड्याच्या खोल्या आणि मोटारसायकलींच्या गर्दीच्या मागे, प्रमिलाच्या भावाची शेड आहे. तो मासेमारीच्या होड्यांना फायबरचं अस्तर करतो. प्रमिला तिथे एका परदेशी पोराचा मोडलेला सर्फबोर्ड घासत बसली होती. तोंडाला फडकं, हातात घासकागद. मला बघून तिने फडकं खाली केलं. मी सगळं सांगितलं. चवथीच्या काचा, दार, स्प्रे. ती घासकागद खाली ठेवून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे दार."

"दार."

"आणि माका तो साहेब काय म्हणाक जाय?"

मी म्हटलं, "काय म्हणायला हवं तूच सांग."

"जय पिशवी ओतली, थयच. जे बघीत होते, त्येंच्या फुडे. माका आयकूचा आसा." मग तिने फडकं परत तोंडावर ओढलं.

देशमुख साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "मी ऑपरेटरची माफी मागू? सगळ्या शॉपसमोर?" मी म्हटलं, "आरोप तुम्ही सगळ्या शॉपसमोर केलात. आणि कर्मचाऱ्यांवरचा आरोप चुकीचा होता हे वाक्य नसेल तर या अहवालावरही माझी सही नाही." मी तिथेच उभी राहिले. मग ते इतकंच म्हणाले, "बोलवा तिला."

प्रमिला आली ती ठेवणीतलं पातळ नेसून, केसांत आबोली माळून. मशीन शॉप, पॅकिंग, देखभाल, सगळे टेबलाभोवती जमले. देशमुख साहेबांनी स्वतःच्या हाताने नोटीस काढली. आणि मग ते बोलले. मी त्यांच्याविषयी वाईट लिहिलं आहे, तेव्हा हेही लिहिलं पाहिजे की ते नीट बोलले. कुठेही आडपडदा ठेवला नाही. दाराला स्प्रे मारायला मी सांगितलं होतं, म्हणाले. आम्ही कारण न शोधता तुम्हाला दोष दिला. तुमची पिशवी उपडी केली हे चूक होतं. मी माफी मागतो.

प्रमिलाने सगळं ऐकलं. "बरां," ती म्हणाली. "आयकलां."

साहेबांनी तिचं ओळखपत्र पुढे केलं. तिने हात पुढे केला नाही. "मी कामाक येवक नाय. मी आयकूक इल्लंय." पॅकिंगच्या बायकांच्या खांद्यांवरून हात फिरवून ती गेटकडे निघाली.

मी तिला गाठलं. खरं म्हणजे मला राग आला होता. इतकं सगळं केलं ते कुणासाठी? तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. म्हणाली, "बाय, रागवा नको. थय भावाकडे माझी वस्तू बघून पारख करतत, माझी पिशवी बघून नाय. तू पण चल माझ्यावांगडा. हरमलात काम खूप आसा."

"मी आत रवतंय," मी म्हटलं.

"कित्याक?"

"परत कोण अशी फाइल घेऊन इलो तर कोणतरी आत व्हयो मां."

ती हसली, भावाची स्कूटर चालू केली आणि गेली. तिच्याएवढा हात मला त्यानंतर बॉन्डिंगमध्ये पुन्हा दिसला नाही. कंपनीने एवढ्या मोठ्या पसाऱ्यात काय काय गमावलं याची यादी कुणी केली तर त्यात ती नसेल. म्हणून इथे लिहिते.

बाकीच्या बायका सोमवारी बॉन्डिंगला परतल्या. त्यांनी केलेलं पहिलं पॅनेल तपासायला आलं तेव्हा माझ्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. पाटील, फोरमन, साहेब, आणि काचेबाहेर सगळ्या बायका. मी तपासणी सुरू केली. पडदा निळा, निळा, निळा. आणि अगदी कडेला नखाएवढा लाल ठिपका.

हा सिलिकॉनचा नव्हता, आकारावरूनच कळत होतं. फिल्म बसवताना हवेचा बुडबुडा राहिला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या दिवशी हो म्हणावं असं मला जितकं वाटलं तितकं कधी वाटलं नाही.

मी नापासचा लाल टॅग लावला.

दार उघडून रेश्मा नावाची मुलगी आत आली, प्रमिलाच्याच हाताखाली शिकलेली. तिने पडद्याकडे नीट वाकून बघितलं. "हो कोपरो माझो," ती म्हणाली. "फिल्म लावताना हात घसारलो." तिचा आवाज कापला नाही. देशमुख साहेब तिला म्हणाले, "ठीक आहे. दुसरं घ्या."

ते पॅनेल कापायला गेलं. दुसरं संध्याकाळच्या आत माझ्या टेबलावर आलं. काठापासून काठापर्यंत निळं.